फ्लॅटमध्ये तबल्याच्या रियाजासाठी तयार साउंडप्रूफ बूथ: घ्यावा का, आणि कसला?

तिरकिट

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावरचा २ बीएचके. ज्या बेडरूममध्ये बूथ बसवायचाय ती ३.० बाय ३.६ मीटर, फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची २.८५ मीटर. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, एका भिंतीला खिडकी. वाजणार मुख्यतः तबला-डग्गा, रोज दीड-दोन तास, सोबत मोबाइलवर लेहरा (तालासाठी फिरत राहणारी धून). अधूनमधून पेटी आणि गाणं. तक्रार खालच्या मजल्यावरून आहे, शेजारून फारशी नाही.

दोन कोटेशन आलीत, दोन्ही फॅक्टरीत बनवलेले पॅनल घरी आणून जोडायचे.

‘अ’: बाहेरून १.२ × १.२ × २.१ मीटर, ६० मिमी पॅनल, वजन २८० किलो. "३२ डीबी, एनआरसी ०.९०, ९० टक्के आवाज कमी."

‘ब’: बाहेरून १.५ × १.८ × २.२ मीटर, १०० मिमी पॅनल, वजन ६५० किलो. आकडा दिला नाही, "म्युझिक ग्रेड" एवढंच.

किमतीत दुपटीहून जास्त फरक आहे. ‘अ’ने भागेल का? ६५० किलो स्लॅबला झेपतील का? आत हवेचं काय? आणि पुढेमागे घर बदललं तर हे सोडवून नेता येतं का?

मंद्रसप्तक

आधी ‘अ’च्या आकड्यांकडे बघू. तीन आकडे एका वाक्यात कोंबलेत आणि तिघांचा अर्थ वेगळा आहे.

एनआरसी हा आतल्या अस्तराचा गुण. अस्तरावर आदळलेल्या आवाजापैकी किती शोषला जातो तेवढंच तो सांगतो, बाहेर किती जाईल याच्याशी त्याचा संबंध नाही. जाड गोधडीचा एनआरसीसुद्धा चांगला येतो, पण गोधडी टांगून ढोल लपत नाही. "९० टक्के कमी" हे तर सोडूनच द्या. ध्वनीची ऊर्जा ९० टक्क्यांनी घटली म्हणजे जेमतेम १० डेसिबल, कानाला साधारण निम्मा आवाज.

३२ डीबी हा आकडा मात्र खरा असू शकतो. ऑफिसातले फोन बूथ आयएसओ २३३५१-१ या २०२० च्या मानकाने मोजतात. त्यात २५ ते ३० म्हणजे बी वर्ग, ३० ते ३३ म्हणजे ए, त्यावर ए प्लस. पण ते मानक माणसाच्या बोलण्यासाठी आहे. मोजणी १२५ हर्ट्झच्या पट्ट्यापासून वर होते आणि बोलण्यातली ऊर्जा जिथे असते तिथे जास्त भार दिला जातो. काळी एकचा तबला २७७ हर्ट्झला लागतो, त्याची चाट नि किनार या बूथमध्ये बऱ्यापैकी अडेल. डग्ग्याचा घुमारा साधारण ८० ते १५० हर्ट्झमध्ये फिरतो. तिथे ३२ सोडाच, १५ मिळाले तरी नशीब.

याचं कारण पॅनलच्या बांधणीत आहे. दोन पत्रे किंवा बोर्ड आणि मध्ये हवा किंवा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), अशी दुहेरी भिंत एका ठराविक वारंवारतेला स्वतःच झुलते. त्या वारंवारतेला ती एकेरी भिंतीपेक्षाही वाईट अडवते, आणि तिच्या दीडपट वर गेल्यावरच दुहेरीपणाचा खरा फायदा सुरू होतो. हिशोब सोपा आहे: दोन्ही पापुद्र्यांच्या वजनांची (किलो प्रति चौ.मी.) बेरीज भागिले त्यांचा गुणाकार गुणिले मधलं अंतर मीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ, गुणिले ६०.

‘अ’चं एकूण पृष्ठफळ छत-तळ धरून सुमारे १३ चौ.मी. २८० किलो म्हणजे चौ.मीटरला २१-२२ किलो. फ्रेम वजा करून प्रत्येक पापुद्रा ९ किलो धरा, अंतर ५० मिमी. उत्तर येतं १२६ हर्ट्झ, म्हणजे नेमकं घुमाऱ्याच्या मधोमध. ‘ब’चं पृष्ठफळ सुमारे २० चौ.मी., चौ.मीटरला ३२-३३ किलो. पापुद्रा १५ किलो, अंतर ८० मिमी धरलं तर ७७ हर्ट्झ. हे चालण्यासारखं आहे, ‘अ’ तबल्यासाठी नाही.

शिवाय ‘अ’ आतून १.०८ मीटरच भरतो. मांडी घालून बसलेला माणूस आणि पुढ्यात तबला-डग्गा यांना पुढे-मागे १.२ मीटर तरी लागतात, आणि कोपर भिंतीला लागत राहिलं तर हाताची ठेवण बिघडते ती वेगळीच.

तळमजल्यावरचा

बूथच्या कोटेशनआधी एक चाचणी करा, फुकट आहे.

तक्रार खालून आहे, शेजारून नाही, हे महत्त्वाचं. सव्वाशे मिमीचा काँक्रीटचा स्लॅब चौ.मीटरला ३०० किलोच्या घरात जातो. हवेतून येणारा आवाज तो ४५-५० डेसिबलने अडवतो. तबला मीटरभर अंतरावर ९० धरला तरी खाली हवेतून ४०-४५ पोचेल, दिवसा टीव्हीखाली बुडून जाईल इतका. खालच्यांना त्रास होतोय तो बहुधा हवेतून नव्हे, फरशीतून. डग्ग्याची थाप चुंबळीतून, बैठकीतून सरळ स्लॅबमध्ये उतरते आणि खालचं अख्खं छत कर्ण्यासारखं थरथरतं.

चाचणी अशी. खाली कोणाला तरी बसवा. दहा मिनिटं नेहमीच्या जागी वाजवा. मग तबला-डग्गा आणि वाजवणारा, दोन्ही पलंगावरच्या जाड गादीवर घ्या आणि त्याच जोराने तेच बोल वाजवा. खाली फरक मोठा वाटला तर आवाज फरशीतून जातोय, आणि अधांतरी बसवलेल्या चौथऱ्यावर निम्म्याहून जास्त काम होईल. फरक पडला नाही तर खिडकी बघा. तुमची खिडकी उघडी, खालच्यांची उघडी, तर स्लॅबला वळसा घालून आवाज बाहेरून आत जातो. खिडक्या बंद करून तिसऱ्यांदा वाजवा.

आणि हे नीट लक्षात घ्या, कुठलाही बूथ थेट फरशीवर उभा केला तर तो भिंतींतून अडवेल आणि तळातून सोडेल. ६५० किलोचा असला तरी.

रंधा

‘तळमजल्यावरचा’ यांच्या मुद्द्याला धरून चौथरा कसा करायचा ते लिहितो. सुतार दोन दिवसांत करतो, फक्त त्याच्या मनाने करू देऊ नका.

माप १.२ × १.५ मीटर. वरून खाली: १८ मिमी प्लाय, ८ मिमी सिमेंट फायबर बोर्ड, परत १८ मिमी प्लाय. तिन्हींचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. स्क्रू १५० मिमीवर, मध्ये न सुकणारं अकूस्टिक सीलंट नागमोडी ओढून. हा थर चौ.मीटरला ३४ किलोच्या आसपास जातो, म्हणजे चौथरा ६० किलो. माणूस आणि वाद्य मिळून ७० धरा. एकूण १३०.

आता रबर. सगळे इथेच चुकतात. जिमची १० मिमी रबरी लादी अख्ख्या फरशीवर अंथरतात आणि वर चौथरा ठेवतात. १३० किलो पावणेदोन चौ.मीटरवर पसरले की रबर दबतच नाही. न दबलेलं रबर म्हणजे कडक फरशीच. अशा रचनेची स्वतःची वारंवारता अडीचशे हर्ट्झच्या पुढेमागे येते, तिच्याखालचं सगळं जसंच्या तसं खाली जातं. म्हणजे डग्गा पूर्ण.

त्याऐवजी मोजके पॅड. ३० × ३० मिमी, २५ मिमी जाड, ४० शोअर कडकपणाचं निओप्रीन किंवा ईपीडीएम, नऊ नग. प्रत्येकावर सरासरी १४ किलो येतात आणि पॅड सुमारे २ मिमी दबतो. दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने १५.८ ला भागलं की वारंवारता मिळते, इथे ११ हर्ट्झ. प्रत्यक्षात रबर हलत्या भाराला थोडं जास्त कडक वागतं, १४-१५ धरा. ८० हर्ट्झच्या घुमाऱ्यासाठी पुरेसं आहे. सायलोमरसारखे पॉलीयुरेथेनचे पॅड मिळाले तर जास्त चांगले, ते भारानुसार रंगाने निवडता येतात.

माणूस मध्यावर बसत नाही, थोडा मागे बसतो. म्हणून मागच्या ओळीत चार, मधल्या ओळीत तीन, पुढे दोन. पाणसळ लावून बघा, माणूस बसल्यावर चौथरा पुढेमागे ३ मिमीपेक्षा जास्त कलता कामा नये. पॅडच्या मधल्या पोकळीत ४८ किलो घनतेचं रॉकवूल सैल भरायचं, दाबून नाही. दाबलं तर तेच रबराला समांतर स्प्रिंग होऊन बसतं.

चारही बाजूंनी भिंतीपासून १५ मिमी मोकळं. स्कर्टिंग, पडदा, वायरची पट्टी, काहीही चौथऱ्याला आणि भिंतीला एकाच वेळी चिकटता कामा नये. एक स्क्रू आरपार फरशीत गेला तर केलेलं सगळं वाया.

बूथ घेतलात तर हेच गणित मोठ्या भाराने करायचं. ‘ब’ अधिक माणूस मिळून ७२०-७३० किलो, त्याला ५० × ५० × २५ मिमीचे वीस-एकवीस पॅड, दाराच्या बाजूला एक-दोन जास्त, कारण तिथे पॅनल सगळ्यात जड असतं.

आरसीसी

भाराबद्दल. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी २ किलोन्यूटन प्रति चौ.मी. म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. ‘ब’ खाली २.७ चौ.मीटरवर २७० येतात, म्हणून लोक घाबरतात. पण स्लॅब संपूर्ण खोलीचा मिळून काम करतो. तुमची खोली १०.८ चौ.मी., म्हणजे एकंदर २१६० किलो हिशोबात धरलेले आहेत. पलंग, भरलेलं कपाट, पुस्तकं आणि बूथ यांची बेरीज करा. बूथ खोलीच्या मधोमध नको, बीम असलेल्या भिंतीलगत, शक्यतो कॉलमच्या कोपऱ्यात. बाल्कनी आत घेऊन खोली वाढवलेली असेल तर त्या भागावर अजिबात नको. तिथला आकडा कागदावर ३ किलोन्यूटन असला तरी कॅन्टिलिव्हरवर (एकाच बाजूने धरलेल्या स्लॅबवर) कायमचा भार ही वेगळी गोष्ट आहे. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून गंज किंवा पोपडे दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. त्याचं पत्र सोसायटीला दिलं की तिथलाही प्रश्न बहुधा मिटतो.

पॅड जिथे येणार त्या टाइल्स नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर खाली १०० × १०० ची ६ मिमी लोखंडी पट्टी द्या, नाहीतर टाइल तडकेल.

तिरकिट

गादीची चाचणी केली. खाली फरक खूप जाणवला, खिडक्या बंद करून अजून थोडा. म्हणजे चौथरा नक्की. पण संध्याकाळी रियाज साडेनऊपर्यंत चालतो आणि गाणंही असतं, त्यामुळे बूथही हवाच आहे. ‘ब’वाल्यांना नेमकं काय विचारू?

मंद्रसप्तक

हे विचारा, लेखी उत्तर मागा.

पॅनलचा छेद: कोणता बोर्ड, किती मिमी, किती थर, मध्ये काय, किती घनतेचं. १०० मिमीत दोन्हीकडे १२.५ च्या जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर आणि मध्ये ५० चं रॉकवूल हीसुद्धा १०० मिमीच झाली, आणि दोन पातळ पत्रे नि मध्ये थर्माकोलसारखा फोम हीसुद्धा. दुसरी टाकाऊ आहे, कडक फोम दोन्ही पत्र्यांना चिकटून त्यांना एक करतो. आतल्या आणि बाहेरच्या पापुद्र्याला जोडणारं लोखंड किंवा लाकूड किती आहे तेही विचारा. प्रत्येक कडेला आरपार चौकट असेल तर आवाज चौकटीतून चालत जातो.

मोजणी: १२५, २५० आणि ५०० हर्ट्झला वेगवेगळे आकडे, आणि ते उभ्या केलेल्या बूथचे, सुट्या पॅनलचे नव्हे. प्रयोगशाळेत ४८ आलेलं पॅनल दार, पंखा, जोड मिळून बूथ झाल्यावर ३५ देतं, यात फसवणूक नाही, तसंच असतं. कोटेशनला सुट्या पॅनलचा आकडा जोडणं ही मात्र फसवणूक.

आतले कोपरे: लहान खोली स्वतः सूर धरते. १.३ मीटरच्या अंतराला १३२ हर्ट्झ, १.६ ला १०८, २.० ला ८६. डग्गा एका मींडीत कुठे फुगतो, कुठे गायब होतो. २५ मिमीचा पिरॅमिड फोम सगळीकडे चिकटवून हे जात नाही, त्याने फक्त चाट मरते आणि वाजवणारा नकळत जोरात मारायला लागतो. दोन उभ्या कोपऱ्यांत १०० मिमी रॉकवूल कापडात शिवून, छताला ५० मिमी, आणि समोरची निम्मी भिंत तशीच टणक ठेवा.

उंबरठा

दार. बाकी सगळं छान आणि दार ढिलं, असे बूथ ढिगाने आहेत.

७०० मिमी रुंद दाराखाली ३ मिमीची फट म्हणजे २१ चौ. सेंमी. दाराकडच्या साधारण सव्वातीन चौ.मीटरच्या भिंतीचा तो दीड हजारावा भाग. तेवढ्याने ती भिंत ३२ डेसिबलच्या आसपास अडकते, पुढे पॅनल कितीही जाड घ्या. म्हणून सपाट तळाचं दार नको. २५ मिमीचा उंबरठा ठेवा आणि चारही बाजूंना दोन पायऱ्यांत गॅस्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी) घ्या. पोकळ ईपीडीएमचं हवं, स्पंजची चिकटपट्टी वर्षभरात बसते. उंबरठा नकोच असेल तर दार लावल्यावर खाली उतरणारी ड्रॉप सील, पण तिची सेटिंग वर्षातून दोनदा बघावी लागते.

तपासायला वहीचं पान पुरतं. पट्टी गॅस्केटमध्ये धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तिथे फट आहे. चारही बाजूंना दर २०० मिमीवर करा. मग रात्री खोलीत अंधार करून आत टॉर्च ठेवा. जिथून प्रकाश दिसेल तिथून आवाज जाणारच, पण प्रकाश दिसला नाही म्हणजे आवाज अडला असं नाही.

४०-४५ किलोच्या दाराला बिजागऱ्या चार, वरच्या दोन जवळजवळ. दार बाहेरच उघडलं पाहिजे आणि आतून नुसतं ढकलून उघडलं पाहिजे. कडी-कुलूप नकोच. लहान मुलं घरात असतील तर याबाबत तडजोड नाही.

काच हवी असेल तर लहान घ्या, ६ आणि ८ मिमी अशा दोन वेगळ्या जाडीच्या. एकाच जाडीच्या दोन काचा एकाच सुराला कमजोर पडतात, ६ मिमीची २००० हर्ट्झच्या आसपास.

टिपकागद

काही कापूस, अंड्यांचे ट्रे वगैरे आतून लावून स्वस्तात होत नाही का? यूट्यूबवर बरेच दाखवतात.

रंधा

नाही. वजन नाही, म्हणजे आवाज अडत नाही. आणि कागदी ट्रे किंवा साधा पीयू फोम बंद खोलीत वायरजवळ ठेवणं म्हणजे आग पेटली तर दारापर्यंत पोचायला वेळ मिळणार नाही. रॉकवूल पेटत नाही, पण उघडं ठेवू नका. कण खाज सुटवतात, घट्ट विणीच्या कापडात शिवून घ्या.

झुळूक

हवेबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि बूथ दोन महिन्यांत अडगळीची खोली होतो तो याच कारणाने.

‘ब’च्या आत सव्वाचार घनमीटर हवा. वाजवणारा माणूस तासाला २५ ते ३० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दार घट्ट असेल तर पाचेक मिनिटांत पातळी १००० पीपीएम ओलांडते, पंधरा मिनिटांत २००० च्या वर जाते. डोकं जड, लय ढिली. ती हजाराच्या आत ठेवायला तासाला ५० घनमीटर ताजी हवा लागते. पण आपल्याकडे खरा प्रश्न उष्णतेचा आहे. माणूस आणि दिवा मिळून १०० वॉट तरी हवेत सोडतात. १०० घनमीटर हवा फिरवली तर आतलं तापमान खोलीपेक्षा ३ अंश वर राहतं, ५० फिरवली तर ६. म्हणून १०० धरा, म्हणजे जवळपास ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट), आणि एसी बाहेरच्या खोलीत चालू.

हवेची वाट रुंद आणि संथ हवी. १५० × १५० मिमीच्या मोकळ्या वाटेतून १०० घनमीटर गेले तर वेग सेकंदाला १.२ मीटर राहतो, सळसळ ऐकू येत नाही. १०० मिमीच्या गोल पाइपात तो साडेतीन होतो आणि लेहऱ्यावर शिट्टी येते. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वाटांना सायलेन्सर पेटी लागते. १८ मिमी प्लायची पेटी, आतून २५ मिमी ग्लासवूल कापडाखाली, चार काटकोनी वळणं, एकूण वाट दोन मीटर, आणि अस्तर वजा जाता १५० × १५० मोकळं. येणारी खाली, जाणारी समोरच्या बाजूला वर. पंखा बाहेर जाणाऱ्या पेटीच्या खोलीकडच्या तोंडाला, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाजही पेटीतच मुरतो. संगणकाचा १२० मिमी पंखा खोक्यावर ६० सीएफएम लिहितो, पण वळणांच्या दाबापुढे निम्माही देत नाही. सहा इंची इनलाइन पंखा रेग्युलेटरवर हळू चालवा.

बऱ्याच तयार बूथमध्ये छताला दोन भोकं आणि दोन छोटे पंखे एवढंच असतं. तिथे कान लावून बघा, सगळा तबला तिथूनच येतो.

बंद खोलीत बूथ आणि एसी दोन्ही असतील तर खोलीचं दार बोटभर उघडं ठेवा, नाहीतर तीच हवा फिरत राहते.

ओसाका_मराठी

जपानमध्ये यामाहाचे ‘अ‍ॅव्हिटेक्स’ आणि कावाईचे ‘नासाल’ असे घरगुती बूथ पियानोच्या शोरूममध्ये मिळतात, भाड्यानेही मिळतात. पाऊण-एक तातामीपासून सुरू, एक तातामी म्हणजे साधारण १.६ चौ.मी. तिथे डीआर-३५, डीआर-४० असा दर्जा लिहितात. आकडा ५०० हर्ट्झचा असतो आणि त्या वक्ररेषेवर १२५ हर्ट्झला अपेक्षा १५ ने कमी, म्हणजे डीआर-३५ मध्ये २०. ‘ब’वाल्यांकडून १२५ ला २० आणि ५०० ला ३५ एवढं लेखी मिळालं तर तबल्यासाठी ठीक आहे. पण ते बूथ पियानो, व्हायोलिन, सॅक्सोफोन समोर ठेवून केलेले असतात. ड्रमसेटला तिथेही वेगळा चौथरा घ्यायला सांगतात, आणि डग्गा त्याच गटातला.

सनई

कायद्याचा आकडा हाताशी असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० मध्ये ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण भांडण आकड्यावर होत नाही. खालच्यांच्या छताला दहा वाजता ३० डेसिबलची थाप लागली तरी ते वर येतीलच.

तिरकिट

‘ब’वाले १२५ ला १८ आणि ५०० ला ३६ लिहून द्यायला तयार आहेत. बसवल्यावर घरी पडताळायचं कसं? आणि पावसाळ्यात तबला उतरतो, बूथमध्ये ते वाढेल का?

मंद्रसप्तक

मोबाइलच्या अ‍ॅपचा आकडा खरा डेसिबल म्हणून घेऊ नका, फरक मात्र चालतो. आत बऱ्या आकाराच्या स्पीकरवर पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता असलेला खरखराट) लावा, कोपऱ्यात तोंड करून. ऑक्टेव्ह पट्टे दाखवणारं अ‍ॅप, तोच फोन. आत चार जागी, भिंतीपासून अर्धा मीटर, प्रत्येकी ३० सेकंद. मग दार बंद करून बाहेर मीटरभर अंतरावर चारी बाजूंना. सरासऱ्यांची वजाबाकी. बाहेर स्पीकर बंद असताना जो आवाज आहे त्यापेक्षा चालू असतानाचा १० ने तरी जास्त हवा, नाहीतर तुम्ही रस्ता मोजताय. १२५ ला लहान ब्लूटूथ स्पीकर पुरत नाही. करारातल्या आकड्यापेक्षा ३-४ कमी आले तर वाद घालू नका, ८-१० कमी आले तर आधी दार आणि पंख्याच्या पेट्या बघा, तिथेच सापडेल.

ही पडताळणी शेवटचा हप्ता देण्याआधी, हे करारात लिहून घ्या.

रंधा

पावसाळ्याचं. घाम आणि श्वास यांची ओल बंद डब्यात वाढते, पुडी सैल होऊन सूर उतरणारच. वाजवून झालं की तबला-डग्गा आत ठेवू नका, दार उघडं टाकून पंखा अर्धा तास चालू. हवेत ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता राहत असेल तर खोलीत डीह्युमिडिफायर, बूथमध्ये नाही, आत त्याची उष्णता वाढते. कोकणपट्टीत एमडीएफचं पॅनल घेऊ नका, कडा फुगतात आणि जोड उघडतात. सिमेंट बोर्ड किंवा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लाय. बाहेरच्या भिंतीपासून बूथ १०० मिमी दूर, मागे बुरशी दिसायला नि पुसायला हात गेला पाहिजे.

वीज आतमध्ये ६ अँपिअरचा एकच पॉइंट, अर्थिंगसह, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). दिव्याचा ड्रायव्हर बाहेर ठेवा, आत गुणगुणतो. वायरचं भोक २५ मिमी पाइपातून तिरकं, दोन्ही तोंडांना सीलंट.

तिरकिट

आणि सोडवून नेण्याचं?

उंबरठा

पॅनल कॅम-लॉक किंवा बोल्टने जोडलेले असतील तर नेता येतात. जोडांत सिलिकॉन भरून चिकटवलेले असतील तर सोडवताना कडा फाटतात. जोडात गॅस्केट आणि वरून फक्त आतल्या बाजूने सीलंटची रेघ, असं मागा, ती ब्लेडने कापता येते. पॅनलवर आतून नंबर आणि बाण रंगवून घ्या. दुसऱ्या जागी बसवताना सगळी गॅस्केट नवीन, जुनी दबलेली परत बसत नाहीत. पॅड चालतात, पण नव्या जागी दार दुसऱ्या बाजूला आलं तर त्यांची मांडणी पुन्हा करावी लागते.

ऑर्डरआधी लिफ्टच्या दाराची रुंदी नि आतला कर्ण, आणि जिन्याचं वळण मोजा. ६०० × २२०० चं एक पॅनल ४० किलोच्या वर जातं, दोन माणसं लागतात. छताचं पॅनल वरून उतरवायला बूथवर ३०० मिमी तरी मोकळे हवेत. तुमच्याकडे २.८५ मधून २.२ आणि पॅड वजा जाता सहाशे उरतात. पुरेत, पण सायलेन्सर पेट्याही छतावरच येणार असतील तर त्यांची उंची त्यात धरा, आणि खोलीचा पंखा बूथच्या डोक्यावर येत असेल तर तो आधीच काढून ठेवा.